मैफलीच्या रेकॉर्डिंगमधली ‘टक्’ येते कुठून?

तबला रंगात आला असताना रेकॉर्डिंगमध्ये एखादी ‘टक्’ पडली तर ती खपून जाते. आलापीत खपत नाही. मागे दोन तानपुरे, गायकाने लावलेला मंद्र सा, आणि मधेच टक्. हेडफोनवर ऐकणाऱ्याचं मन त्यानंतर गाण्यात राहत नाही, पुढची टक् कधी येते तिकडेच कान लागतात. स्टुडिओत पुन्हा टेक घेता येतो. बैठकीत पाऊण तासाचा राग एकदाच मांडला जातो, तसाच तो पुन्हा होत नाही. म्हणून या टकटकीचा बंदोबस्त मैफलीआधीच व्हायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

लॅपटॉप आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला देणारी छोटी पेटी) एवढ्या सामानात आज उत्तम रेकॉर्डिंग होतं. भजनी मंडळं, गाण्याचे क्लास, घरगुती बैठका, सगळीकडे लोक ते करतायत. टक् ऐकू आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लॅपटॉप जुना झाला का, नवा घ्यायचा का? बहुतेक वेळा पैसे घालवायची गरज नसते. आवाज नोंदवणं हे संगणकासाठी हलकं काम आहे. फक्त ते ठरल्या वेळेला व्हावं लागतं, आणि वेळ चुकली की टक् येते. ती वेळ कोण खातंय हे शोधायचं, एवढंच खरं काम.

आधी नक्की कसला आवाज आहे ते बघा

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. टक् ऐकू आली ती जागा लिहून ठेवा आणि तीच फाइल फोनवर वाजवा. त्याच सेकंदाला टक् आली तर ती फाइलमध्ये बसलेली आहे. आली नाही, किंवा दर वेळी वेगळ्या जागी येते, तर रेकॉर्डिंग शाबूत आहे आणि गडबड फक्त वाजवताना होतेय. या एका तपासणीने निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडतो.

फाइलमध्येच असेल तर ती जागा इतकी मोठी करून बघा की लाटेची एकेक वळणं दिसायला लागतील. सुटलेल्या डेटाची टक् असेल तर वळणदार रेषा एका जागी तुटून सरळ उभी वर किंवा खाली गेलेली दिसते. लाटांचे माथे कापल्यासारखे सपाट दिसत असतील तर तो प्रकार वेगळा: आवाज जास्त आत घेतला गेलाय, म्हणजे क्लिपिंग. तार षड्जावर गायकाने जोर लावला की, किंवा डग्ग्याच्या घुमाऱ्यावरच आवाज फाटत असेल, तर हेच. त्यावर संगणकात कुठलीही सेटिंग शोधू नका, इंटरफेसचा गेन, म्हणजे आवाज आत घेण्याची पातळी, कमी करा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर पातळी खाली ठेवायला घाबरायचं कारण नाही. सगळ्यात मोठा आवाजही उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही.

सतत गुणगुण असेल तर ती विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्‌झला दिसते. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा आहे. सगळं सामान एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बॅलन्स्ड केबल वापरा, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आवाज घेत असाल तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांची विजेची जोडणी वेगळी ठेवणारी छोटी पेटी) लावा. काही जण गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे कृपा करून कधीही करू नका. माइक हातात धरणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. आणि ‘टिटिट्-टिटिट्-टिर्रर्र’ असा आवाज आला तर जवळ कुणाचा तरी मोबाइल आहे, तो लांब ठेवायला सांगा.

हे सगळं वगळून जी उरते ती खरी टक्. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

बफर म्हणजे काय

माइकमधून येणारा आवाज इंटरफेस सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो (सीडीसाठी ४४,१०० वेळा). या प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात. दर सॅम्पलसाठी संगणकाला हाक मारली तर त्याला दुसरं काहीच करता येणार नाही, म्हणून सॅम्पल्स गठ्ठ्याने दिली जातात. गठ्ठ्यात किती सॅम्पल्स, तो आकडा म्हणजे बफर.

नळाला पाणी आलंय आणि खाली दोन बादल्या आहेत असं समजा. एक भरतेय तोवर दुसरी आत नेऊन पिंपात ओतायची आणि परत आणून ठेवायची. नळ काही थांबत नाही. बादली मोठी असेल तर मधे दाराची बेल वाजली तरी निभावतं. नळाखाली तांब्या लावला असेल तर नुसती मान वळवली तरी पाणी सांडतं. आपल्या फाइलमधली टक् म्हणजे हे सांडलेलं पाणी. ते पुन्हा भरून घेता येत नाही, कारण नळातून येणारं पाणी तोवर पुढचं असतं.

आकड्यांत बघू. ४८,००० च्या दराला ६४ सॅम्पल्सचा बफर १.३ मिलिसेकंदात भरतो. २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७ आणि १०२४ चा २१.३ मिलिसेकंदांत. ६४ वर असताना विंडोजने वायफायच्या कामात दोन मिलिसेकंद घालवले की टक् ठरलेली. १०२४ वर त्याच दोन मिलिसेकंदांचा पत्ताही लागत नाही.

मग सगळेच १०२४ का ठेवत नाहीत? कारण बफर मोठा केला की आवाज संगणकात जाऊन परत बाहेर यायला उशीर होतो. यालाच लेटन्सी म्हणतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. २१ मिलिसेकंद म्हणजे वादक सात मीटर लांब बसल्यासारखं. जाऊन परत यायचं तर त्याची जवळपास दुप्पट. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज एवढ्या उशिराने ऐकत कुणालाही लयीत गाता येणार नाही.

पण बैठकीत लॅपटॉपमधून परत येणारा आवाज ऐकतं कोण? कुणीच नाही. गायक समोरच्या मॉनिटरवर ऐकतो, तो आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून येतो. तुम्ही हेडफोनवर ऐकता ते इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, तिथे आवाज संगणकात जातच नाही. कमी लेटन्सी चांगली असं सगळीकडे वाचून लोक मैफल रेकॉर्ड करतानाही बफर ६४ वर ठेवतात आणि नसलेली अडचण सोडवण्यासाठी खरी अडचण ओढवून घेतात. नुसतं रेकॉर्डिंग असेल तर बफर १०२४ करा. आकडा त्याहून वर जात असेल तर २०४८ करा. माझ्या मते टकटकीच्या बहुतेक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

अपवाद एकच. कीबोर्डवादक लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर वाद्य वाजवतोय किंवा आवाजावर लॅपटॉपमधूनच रिव्हर्ब देऊन तो सभागृहात सोडायचाय, तेव्हा बफर लहान ठेवावा लागतो. शक्य असेल तर ते काम एका लॅपटॉपवर आणि रेकॉर्डिंग दुसऱ्यावर करावं.

आणि रेकॉर्डिंग चालू असताना ट्रॅकवर रिव्हर्ब, कंप्रेसर वगैरे प्लगइन लावून ठेवू नका. ते सगळं नंतर घरी.

सीपीयू १५ टक्के, तरी टक्!

टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर सीपीयू निवांत दिसतो. कारण तो दाखवतो सरासरी, आणि टक् येते एका क्षणाच्या चुकीने. सेकंदातले ९९५ मिलिसेकंद रिकामा बसलेला संगणक उरलेल्या पाच मिलिसेकंदांत दुसरीकडे अडकला तर सरासरीत ते दिसणार कसं? रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मीटर असतो. त्यात ‘आरटी सीपीयू’ (रिअल टाइम, म्हणजे ठरल्या वेळेतल्या कामाचा भार) म्हणून वेगळा आकडा मिळतो, तो बघावा.

विंडोजमध्ये हार्डवेअरचे ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आपापली तातडीची कामं बाकी सगळ्या प्रोग्रॅमना थांबवून करून घेतात. या रांगेला डीपीसी म्हणतात. असं काम १०० मायक्रोसेकंदांत संपवावं, असा मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना दंडक आहे. सगळे तो पाळत नाहीत. एखादा ड्रायव्हर काही मिलिसेकंद अडून बसला की तुमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, त्याला थांबावंच लागतं.

दोषी कोण ते सांगणारं ‘लेटन्सीमॉन’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट. ते सुरू करून वीसेक मिनिटं चालू द्या आणि कुठल्या फाइलचं नाव सगळ्यात वर येतं ते बघा. एनडीआयएस किंवा टीसीपीआयपी आलं तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वायफाय. एनव्हीएलडीडीएमकेएम असं लांबलचक नाव आलं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. एसीपीआय आलं तर वीज आणि बॅटरी सांभाळणारी यंत्रणा. स्टोरपोर्ट आलं तर डिस्क. नाव कळलं की ड्रायव्हर अद्ययावत करा. त्याने नाही भागलं तर ते उपकरण डिव्हाइस मॅनेजरमधून मैफलीपुरतं बंद करा. वायफाय आणि ब्लूटूथ तर तसेही बंदच हवेत. नुसतं नेटवर्क तोडणं पुरत नाही, कारण वायफाय चालू असेल तर ते आसपासची नेटवर्क्स शोधत राहतं. सरळ एअरप्लेन मोड लावा. क्लाउडवर फाइल्स चढवणारी सेवा, विंडोजचं अपडेट उतरवणं, हे त्याने आपोआप थांबतं. अँटिव्हायरसचं स्कॅन मात्र नेटवर्कशिवायही चालतं, ते वेगळं थांबवा.

पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा आणि चार्जर लावून काम करा. बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग सतत कमी-जास्त करतो, आणि झोपेतून जागं व्हायला त्याला वेळ लागतो. त्याच ठिकाणी यूएसबीचं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ सापडेल, ते बंद करा.

बैठकीत आणखी एक गोष्ट हमखास बघायला मिळते: लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला. बहुतेक लॅपटॉपची हवा खालून आत जाते. गादीत ती जाळी बुजते, यंत्र तापतं, आणि जीव वाचवायला प्रोसेसर वेग उतरवतो. पहिला अर्धा तास स्वच्छ आणि द्रुत सुरू झाली की टकटक, असं झालं तर आधी लॅपटॉपच्या पोटाला हात लावून बघा. एखादा पाट किंवा चौरंग खाली घातला तरी काम होतं.

ड्रायव्हरबद्दल एक सांगायलाच हवं. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर घाला. एएसआयओ हा स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली आणलेला रस्ता आहे. त्यातून आवाज विंडोजच्या नेहमीच्या मिक्सरमधून न जाता थेट रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला मिळतो. कंपनीचा ड्रायव्हर असताना एएसआयओ४ऑल हा कुठल्याही इंटरफेसला चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरायचं कारण नाही. मॅकवर कोअर ऑडिओ ही अॅपलची स्वतःची आवाजाची यंत्रणा आधीपासून असते, ही भानगड तिथे कमी.

केबल, जी पेन ड्राइव्हला चालते पण इंटरफेसला चालत नाही

“केबल ठीक आहे, याच केबलने हार्ड डिस्क चालते,” असं बरेच जण सांगतात. ते खरं असतं, तरी त्याने काही सिद्ध होत नाही. हार्ड डिस्ककडे जाणारा डेटा वाटेत बिघडला तर यूएसबी तो पुन्हा मागवून घेते. कॉपी व्हायला किंचित जास्त वेळ लागतो, कुणाला कळतही नाही. ऑडिओ इंटरफेस सहसा वेगळी पद्धत वापरतात, आयसोक्रोनस. त्यात डेटा ठरल्या वेळेला पाठवला जातो आणि बिघडला तर परत मागवायची सोय नसते. यूएसबी २.० मध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक फेरी होते, ४८,००० च्या दराला त्यात एका चॅनेलची सहा सॅम्पल्स मावतात. एक फेरी वाया गेली की ती सहा सॅम्पल्स गेली.

म्हणून इंटरफेसला आखूड, चांगली केबल द्या आणि ती थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, हबमध्ये नको. रेकॉर्डिंग साठवायची बाहेरची डिस्क शक्यतो दुसऱ्या बाजूच्या पोर्टला. कंडेन्सर माइकांना लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही लहान इंटरफेस यूएसबीतूनच ओढतात. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो. चार माइक लावल्यावरच टकटक सुरू होत असेल तर इंटरफेसला स्वतंत्र अॅडॅप्टर लावता येतो का ते बघा.

दोष कधी कधी खुद्द संगणक बनवणाऱ्याचाही असतो. २०१८ मध्ये आलेल्या मॅकबुक प्रो, मॅकबुक एअर आणि मॅक मिनीवर यूएसबी ऑडिओ मधेच तुटायचा. लोकांनी केबली बदलल्या, इंटरफेस बदलले, काही उपयोग झाला नाही. शेवटी मार्च २०१९ मध्ये अॅपलने मॅकओएस १०.१४.४ च्या अपडेटमध्ये त्यावर दुरुस्ती दिली. तेव्हा मैफलीच्या आठवडाभर आधी, अगदी आदल्या दिवशी नव्हे, अपडेट आहेत का ते बघून घ्यावं.

दर सेकंदाला एक टक्

टक् किती अंतराने येते ते घड्याळ लावून बघा. वेडीवाकडी येत असेल तर वर सांगितलेली कारणं शोधा. पण घड्याळाच्या काट्यासारखी नेमाने येत असेल तर दोष बहुधा क्लॉकचा असतो.

आठ माइक पुरेनात म्हणून इंटरफेसला ऑप्टिकल केबलने, एडॅट नावाच्या डिजिटल जोडणीवरून, आणखी आठ चॅनेलचा प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारं यंत्र) जोडतात. आता आवाज मोजणारी दोन यंत्रं झाली आणि प्रत्येकाचं स्वतःचं घड्याळ आहे. दोन्ही ४८,००० म्हणतात, पण घड्याळं चालवणारे दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात. दहा लाखांत वीस इतका फरक असला तरी सेकंदाला जवळपास एक सॅम्पल जास्त किंवा कमी पडतं, आणि दर सेकंदाला बारीक टक् येते. इलाज सोपा आहे: एकालाच मुख्य घड्याळ ठरवा आणि दुसऱ्याच्या क्लॉक सेटिंगमध्ये ‘इंटर्नल’ काढून ‘एडॅट’ निवडा.

दर जुळला नाही तर आणखी एक घोळ होतो. ४८,००० वर घेतलेली फाइल चुकून ४४,१०० समजून वाजवली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने, उतरतो. काळी एकमध्ये गायलेला राग पांढरी एकच्याही खाली जातो, आणि तासाभराची मैफल पासष्ट मिनिटांची होते. गायक हे पहिल्या ‘सा’लाच ओळखतो. व्हिडिओही होणार असेल तर सगळीकडे ४८,००० ठेवा आणि ब्राउझर बंद ठेवा, म्हणजे मधेच दुसरं कुणी दर बदलणार नाही.

डिस्कचा बाऊ लोक उगाच करतात. २४ बिट, ४८,००० ला एक चॅनेल तासाला सुमारे ५२० एमबी घेतो. आठ चॅनेल म्हणजे सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा नाही. एसएसडीला हे काहीच नाही. फक्त साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी आहे. स्टिरिओत ती चार तासांनी गाठली जाते. रात्रभराचा भजनाचा कार्यक्रम असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आरएफ६४ हा मोठ्या फाइल्सचा प्रकार निवडा किंवा फाइल तासातासाला तोडायची सेटिंग करा.

रंगीत तालीम

सगळं जुळवलं की खरी परीक्षा घ्या. ज्या केबली, जे पोर्ट, जितके चॅनेल मैफलीत असणार तेच सगळं लावा. फोनवरून एक सरळ सूर, साधी साइन वेव्ह, इंटरफेसच्या इनपुटला द्या आणि मैफल जितकी चालणार तितका वेळ रेकॉर्ड करा. मग ती फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या उंचीचे सूर आहेत ते दाखवणारं चित्र, बघा. सूर आडव्या रेषेसारखा दिसतो आणि प्रत्येक टक् त्याला छेदणारी उभी रेघ म्हणून उठून दिसते. तासाभराची फाइल डोळ्यांनी पाच मिनिटांत तपासून होते, कानांनी एक तास लागला असता. शांतता रेकॉर्ड करून ही परीक्षा होत नाही, कारण शांततेतली काही सॅम्पल्स गेली तरी कळणार कशी?

रेघ दिसली तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा रेकॉर्ड करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर टक् जाईलही, पण कशामुळे गेली ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इतकं करूनही मैफलीत एक छोटा हातातला रेकॉर्डर समोर चालू ठेवाच. मिक्सरच्या रेक आउटमधून, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच्या जोडणीतून, त्याला आवाज दिला तर उत्तम.

राहिलेल्या टकेचं काय? दोन-चार सॅम्पल्सची असेल तर ऑडॅसिटीतला ‘रिपेअर’ ती बुजवतो. तो १२८ सॅम्पल्सपर्यंतच चालतो, म्हणजे अडीच-पावणेतीन मिलिसेकंद. १०२४ चा अख्खा गठ्ठा गेला असेल तर तिथे तुकडा जोडावा लागतो, आणि त्यासाठी तो दुसरा रेकॉर्डर कामाला येतो. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी असल्यामुळे दोन्ही फाइल्स सुरुवातीला जुळवल्या तरी तासाभराने थोड्या सरकलेल्या असतात. म्हणून त्या टकेच्या शेजारचाच तबल्याचा ‘धा’ किंवा ‘ना’ पकडून तिथल्या तिथे जुळवा. लॅपटॉपमध्ये सॅम्पल्स गळली असतील तर फाइल तेवढी आखूड झालेली असते, पुढचा भाग तेवढा उजवीकडे सरकवायला विसरू नका, नाहीतर व्हिडिओतले ओठ आणि आवाज जुळणार नाहीत. तुकडा आवाजाच्या पातळीत बसवा, दोन्ही टोकांना दहाएक मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरतो तोवर दुसरा चढतो असा सांधा) द्या, आणि सांधा शक्यतो तबल्याच्या आघातावर येऊ द्या. हे सगळं फाइलच्या प्रतीवर करा, मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर जसंच्या तसं असू द्या.